डावाशेजारी डाव

सुनील गावसकरची कसोटीतली सरासरी ५१.१२, सचिन तेंडुलकरची ५३.७८. या दोन आकड्यांवरून मुंबईतल्या किती घरांत बाप आणि मुलगा जेवता जेवता हातघाईवर आले असतील, देव जाणे. बापाचं म्हणणं ठरलेलं असतं: डोक्यावर हेल्मेट नाही, समोर विंडीजचे चार-चार जलदगती गोलंदाज आणि डावाचा पहिला चेंडू आपल्याच अंगावर येणार, अशा वेळी उभं राहणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. मुलाचंही ठरलेलं: अक्रम, डोनाल्ड, वॉर्न, मॅकग्रा, मुरलीधरन, स्टेन हे सगळे एकाच कारकिर्दीत वाट्याला येऊन २०० कसोट्या खेळा आणि ५१ शतकं काढून दाखवा. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून भांडण मिटत नाही.

मला हे भांडण क्षुल्लक वाटत नाही. वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करूच नये, असं सांगणारी जाणती माणसं भेटतात. त्यांचा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात एक सोयीस्कर सुटका दडलेली असते. ज्या खेळावर आपण जीव टाकतो त्यात थोर कोण आणि किती, हे विचारल्यावाचून राहवत नाही. प्रश्न तुलना करावी की नाही हा नाहीच. शेजारी शेजारी ठेवायचं काय, हा आहे.

सरासरी ठेवायची म्हटलं, तर वाद सुरू होण्याआधीच संपतो. डॉन ब्रॅडमनचे ५२ सामने, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. ओव्हलवर १९४८ साली शेवटच्या डावात चार धावा झाल्या असत्या तर ती बरोबर शंभर झाली असती. एरिक हॉलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर तो शून्यावर त्रिफळाबाद झाला. ब्रॅडमनच्या मागे जे थोर येतात ते सगळे साठीच्या आसपास किंवा त्याखाली. इथे अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांचा एक युक्तिवाद आठवतो. बेसबॉलमध्ये जुन्या काळी दिसणारे अचाट आकडे पुढे दिसेनासे झाले, ते खेळाडू कमी प्रतीचे झाले म्हणून नव्हे. एकंदर खेळच सुधारला, सगळ्यांची पातळी उंचावली आणि एकट्यादुकट्याला फार पुढे निघून जाणं अवघड झालं, असं त्यांचं म्हणणं. हा युक्तिवाद ब्रॅडमनला लावून पाहावा, तर तो लागू पडत नाही. त्याच्याच काळातले हॅमंड ५८.४५, सटक्लिफ ६०.७३, जमैकात वाढलेला जॉर्ज हेडली ६०.८३. पुढच्या पिढ्यांतले श्रेष्ठ फलंदाजही याच पट्ट्यात आहेत. म्हणजे काळ सोपा होता म्हणून ब्रॅडमन शंभराला टेकला असं म्हणता येत नाही. तो काळ सोपा असता तर हॅमंडही ऐंशीला गेला असता. ब्रॅडमनला वेगळा काढावा आणि उरलेल्यांविषयी बोलावं, हेच बरं.

उरलेल्यांच्या बाबतीत सरासरी फार काही सांगत नाही. कारण आकडा तोच असला तरी त्याच्या खालची जमीन बदललेली असते, अगदी शब्दशः. जॅक हॉब्जच्या काळात पाऊस पडला की खेळपट्टी उघडीच भिजायची आणि वर ऊन पडलं की चेंडू कधी नाकाशी उसळायचा, कधी जमिनीलगत सरपटायचा. ओव्हलवर १९२६ साली अशाच खेळपट्टीवर हॉब्ज आणि सटक्लिफ यांनी सलामीला १७२ धावांची भागी केली. हॉब्ज १००, सटक्लिफ १६१. मग ऑस्ट्रेलियाचा सगळा संघ १२५ मध्ये गारद झाला आणि ॲशेस इंग्लंडकडे परत आली. पण त्याच हॉब्जला एक सवलतही होती. १९३५ पर्यंत ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देताच येत नसे. पॅड पुढे करून निवांत उभं राहण्याची ती मुभा पुढच्यांना मिळाली नाही. गावसकरला हेल्मेट नव्हतं, उत्तरार्धात टोपीखाली कवटीपुरतं एक कवच आलं तेवढंच. सचिनला हेल्मेट होतं, झाकलेल्या खेळपट्ट्या होत्या, बाउन्सरवर मर्यादा होती. पण त्याच्या प्रत्येक फटक्याचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहून जगभरचे संघ त्याला कुठे पकडायचं ते ठरवत होते. दरबानला १९९२ साली दूरचित्रवाणीवरची दृश्यं पाहून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज तोच. असा हिशेब मांडत बसलो तर प्रत्येकाच्या खात्यात काही जमा, काही वजा. सगळी बेरीज-वजाबाकी करून एक आकडा काढणारेही आहेत. माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

म्हणून मी कारकिर्दी बाजूला ठेवतो आणि डावाशेजारी डाव ठेवतो. कारकिर्दीत स्वस्तातल्या धावा असतात, उताराची वर्षं असतात, कमकुवत संघांविरुद्धच्या मालिका असतात. डाव मात्र आपले साक्षीदार बरोबर घेऊन येतो. त्याच खेळपट्टीवर, त्याच चार-पाच दिवसांत, आणखी एकवीस माणसं खेळलेली असतात. खेळपट्टी कशी होती, मारा कसा होता, हे त्यांचे आकडे सांगतात, आणि ही साक्ष १९२६ ची असो की १९९९ ची, सारख्याच वजनाची असते.

आता बाप-मुलाच्या भांडणाकडे वळतो, कारण नशिबाने आपल्याला दोन डाव असे मिळालेत की मुद्दाम तुलनेसाठी घडवल्यासारखे वाटावेत. दोन्ही पाकिस्तानविरुद्ध, दोन्ही दक्षिणेत, दोन्ही चौथ्या डावातले, दोन्हींत समोर कसलेली फिरकी, आणि दोन्ही सामने हातातोंडाशी येऊन गेलेले. बंगलोर, मार्च १९८७: गावसकर ९६, भारत १६ धावांनी पराभूत. चेन्नई, जानेवारी १९९९: तेंडुलकर १३६, भारत १२ धावांनी पराभूत.

चेन्नईची जखम अजून ओली आहे, म्हणून आधी तीच. २७१ धावा हव्या होत्या. ५ बाद ८२ वर सगळं संपल्यात जमा होतं. तिथून सचिनने नयन मोंगियाला हाताशी धरून १३६ धावांची भागी केली. एका बाजूला अक्रम आणि वकार, दुसऱ्या बाजूला बाहेर जाणारा आणि आत येणारा चेंडू एकाच हातातून सोडणारा सकलेन मुश्ताक. पाठ इतकी धरली होती की प्रत्येक फटक्यानंतर चेहरा वेडावाकडा होत होता. साडेसहा तासांहून अधिक तो उभा राहिला. १७ धावा उरल्या असताना सकलेनला उचलून मारायला गेला, अक्रमने झेल घेतला, आणि मग उरलेले तीन गडी चार धावांत गेले. चेन्नईच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांचा मला आजही अभिमान वाटतो.

बंगलोरचा सामना असा नाट्यमय नव्हता; तो दळण दळल्यासारखा चालला होता. पहिल्या दिवशीच चेंडू हातभर वळत होता. मनिंदर सिंगने २७ धावांत ७ बळी घेतले आणि पाकिस्तान ११६ वर संपला. आपण त्यांच्यावर फार वरचढ ठरलो नाही. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांनी पाच-पाच बळी वाटून घेतले, भारत १४५. पाकिस्तान २४९. आपल्याला २२१. गावसकर ३७ वर्षांचा. हा आपला शेवटचा कसोटी डाव आहे हे तेव्हा फक्त त्यालाच ठाऊक असावं.

तो डाव मी दूरदर्शनवर पाहिला. गावसकर काय करत होता, हे सांगायला सोपं आणि करायला जवळजवळ अशक्य आहे. तो चेंडूची वाट पाहत होता. पुढे जायचं की मागे, हा निर्णय तो इतक्या उशिरा घेत होता की टप्पा पडून वळलेला चेंडू बॅटपर्यंत येईस्तोवर त्याच्या वळण्याचा जोरच ओसरलेला असे. हात सैल. बॅटला लागलेला चेंडू पायाशी मेल्यासारखा पडायचा, आणि फलंदाजाला घेरून वाकलेले क्षेत्ररक्षक तसेच वाकलेले राहायचे. ज्या चेंडूला हात लावायचा नाही त्याला त्याने लावला नाही. पाच तासांहून अधिक हे चाललं. दुसऱ्या टोकाला येणारे-जाणारे बदलत होते. एकालाही तिशी गाठता आली नाही. मग कासिमचा एक चेंडू अनपेक्षित उसळला, रिझवानच्या हातात झेल गेला.

आता साक्षीदार उभे करू या. बंगलोरला चारही डाव मिळून ४० गडी बाद झाले आणि धावा झाल्या ७१४, म्हणजे गड्यामागे अठरासुद्धा नाहीत. त्या सामन्यात गावसकरनंतरची सर्वोच्च धावसंख्या वेंगसरकरची, ५०. चेन्नईलाही ४० गडी, धावा १,०३६, गड्यामागे जवळपास सव्वीस. आणि तिथे एक असा साक्षीदार आहे जो आपण सहसा पुढे आणत नाही: शाहिद आफ्रिदी. त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर, आदल्या डावात त्याने १४१ धावा काढल्या होत्या, सचिनपेक्षा पाच जास्त. यामुळे सचिनचा डाव लहान होत नाही. पाठीतली ती कळ आणि चौथ्या डावाचं ओझं आफ्रिदीला नव्हतं. पण बंगलोरला दुसरं कुणी पन्नाशीपलीकडे पोचू शकलं नाही आणि चेन्नईला पोचलं, ही साक्ष मला टाळता येत नाही. माझं मत बापाच्या बाजूने पडतं. जगातल्या कुठल्याही काळातला फलंदाज घ्या, त्याला बंगलोरच्या त्या खेळपट्टीवर सोडा. ९६ पर्यंत किती जण पोचतील? मला हॉब्ज दिसतो. त्यानंतर मी अडखळतो.

हॉब्जचं नाव उगाच घेतलं नाही. पावसाने नासलेली उघडी खेळपट्टी जगाच्या वरच्या क्रिकेटमधून गेली, पण मुंबईत ती उरली. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली, बाहेर गुडघाभर नाही तरी घोट्याच्या वर गवत, जमिनीवरून मारलेला चेंडू दहा यार्डांत थबकणार. खेळपट्टीतून चेंडू कसा येईल याचा भरवसा नाही, म्हणून तो शेवटपर्यंत पाहायचा. मुंबईच्या फलंदाजाला खडूस म्हणतात, त्या खडूसपणाची शाळा म्हणजे हा चिखल. गावसकर या लीगमधून वर आला, सचिनही आला. वेगवेगळ्या काळांना जोडणारा धागा शोधायचा तर तो मला सांख्यिकीच्या वहीत सापडला नाही. जुलै-ऑगस्टमधल्या मैदानांवर सापडला. हॉब्जला पडलेला प्रश्न साठ वर्षांनी सोडवायला निघालेल्या माणसाने त्याची उजळणी कुठे केली असेल, याचं हे उत्तर आहे असं मला मनापासून वाटतं.

साक्षीदारांच्या या पद्धतीला आणखी एक फाटा आहे: संघाच्या धावांतला एकट्याचा वाटा. कसोटी क्रिकेटच्या पहिल्यावहिल्या डावात, मेलबर्नला १८७७ साली, चार्ल्स बॅनरमनने ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी १६५ धावा काढल्या आणि बोटाला लागून परतला. पूर्ण झालेल्या डावातला इतका मोठा वाटा कसोटीत पुन्हा कुणालाच उचलता आलेला नाही. ब्रॅडमनच्या लीड्सवरच्या १९३० सालच्या ३३४ धावा ५६६ मधल्या. तरीही वाट्याचा हिशेब जपून वापरायला हवा. तो फलंदाजाइतकाच त्याच्या सोबत्यांविषयी बोलतो. आणि ब्रॅडमनचं शहाणपण तर त्यात मावतच नाही. मेलबर्नला १९३७ च्या नववर्षाच्या कसोटीत खेळपट्टी भिजून चिकट झाली, तेव्हा त्याने ओरायली आणि फ्लीटवुड-स्मिथ या शेपटाला सलामीला धाडलं. स्वतः आला तो ५ बाद ९७ वर, खेळपट्टी सुकल्यावर, आणि २७० काढून गेला. वाईट खेळपट्टीवर खेळण्यापेक्षा तिच्यावर न खेळण्याची युक्ती त्याने शोधली. कर्णधार म्हणून मला ती पटते. हॉब्जच्या शंभराशेजारी ते २७० ठेवताना मात्र मी हे विसरत नाही.

काहींचा कसोटीतला डावच नाही. पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. प्रतिपक्षाने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना तिथेच संपला. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, ब्रॅडमनखालोखाल, कसोट्या मात्र दहा, त्याही सगळ्या इंग्लंडविरुद्ध. १९३६ ते १९४६ या वर्षांत भारताला एकही कसोटी मिळाली नाही, आणि ती मर्चंट यांची पंचविशी ते पस्तिशी होती. सर्व काळांतल्या श्रेष्ठांच्या याद्या करणारे या रिकाम्या दहा वर्षांचं काय करतात, मला समजत नाही. बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

तीच वर्षं विजय हजारे यांचीही गेली. सांगलीत १९१५ साली जन्मलेला हा माणूस पहिली कसोटी खेळला तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याआधी त्यांनी काय केलं ते ब्रेबॉर्न स्टेडियमने पाहिलं होतं. १९४३ च्या, धर्मनिहाय संघांच्या पंचरंगी स्पर्धेत मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद २५० काढले. उत्तरात हजारे यांनी ‘इतर’ संघाच्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेक यांच्या धावा २१. तरीही ‘इतर’ डावाने हरले.

आणि मग ॲडलेड, जानेवारी १९४८. देश स्वतंत्र होऊन जेमतेम पाच महिने झालेले. ऑस्ट्रेलिया ६७४. ब्रॅडमन २०१, आणि त्याचा त्रिफळा उडवला तो गोलंदाज हजारे यांनीच. मग ते फलंदाजीला आले. समोर लिंडवॉल आणि मिलर, हेल्मेट कुणी ऐकलेलंही नाही. पहिल्या डावात ११६; कोल्हापूरचा दत्तू फडकर १२३. फॉलोऑन. दुसऱ्या डावात मंकड शून्य, अमरनाथ शून्य, आणि हजारे पुन्हा आत. भारताच्या २७७ धावांत त्यांच्या १४५. सहा सहकाऱ्यांच्या नावापुढे एकही धाव नाही. लिंडवॉलचे ७ बळी. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. पुढे ही करामत गावसकरने तीनदा केली.

इथे माझेच साक्षीदार माझ्याविरुद्ध जातात, हे मान्य करायला हवं. ज्या खेळपट्टीवर समोरच्यांनी ६७४ केल्या ती खेळपट्टी फलंदाजाची वैरी नव्हती. बंगलोरच्या कसोटीला लावलेला निकष प्रामाणिकपणे लावला तर ॲडलेडचा डाव चेन्नईच्याही खाली उतरेल. पण एक साक्ष उरते. लिंडवॉल आणि मिलर यांनी त्याच सामन्यात त्याच माणसाला एकदा ११६ पर्यंत पाहिलं होतं. काय चुकलं ते त्यांना ठाऊक होतं, सुधारायला पुरेसा वेळ मिळाला होता, आणि समोर दमलेला, फॉलोऑन मिळालेला, दुसऱ्या टोकाला कुणी टिकत नसलेला फलंदाज होता. तरी त्याने १४५ काढल्या. गावसकरसमोर २२१ होत्या, सचिनसमोर २७१. गाठायला काहीतरी होतं. हजारेंसमोर जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. सामना एक डाव आणि १६ धावांनी गेला. चार वर्षांनी लीड्सला भारत ४ बाद ० झाला तेव्हाही, ट्रूमनच्या त्या झंझावातासमोर, याच हजारेंनी फडकरला बरोबर घेऊन १०५ धावांची भागी केली. त्या शून्यावर बाद झालेल्या चौघांत माधव मंत्री होते, गावसकरचे मामा.

माझ्या कागदावर बंगलोरचे ९६ सर्वांत वर आहेत. त्याच्या खाली मी ॲडलेडचे दोन्ही डाव मिळून एकच नोंद करतो, ११६ आणि १४५, आणि त्याखाली चेन्नईचे १३६. सचिनवर ज्याचं प्रेम आहे त्याला हे टोचेल, माझंही आहे. त्याने चेन्नईचा क्रम वर नेण्यासाठी चौथ्या डावाचं ओझं माझ्यापेक्षा जड धरावं आणि तसा हिशेब मांडून दाखवावा. मी ऐकायला तयार आहे, फक्त त्याने आफ्रिदीच्या १४१ ना आणि हजारेंच्या त्या सहा शून्यांना उत्तर द्यावं.